परकराच्या नाडीखालची काळी खपली

पत्र (थोडं आटोपशीर करून):

नमस्कार डॉक्टर,

आम्ही धायरीला राहतो, गाव मुळशीकडचं. सासूबाई (वय 61) गौरी-गणपतीला गावी गेल्या त्या अनंत चतुर्दशीपर्यंत तिथेच राहिल्या. नुसत्या बसणाऱ्यांतल्या त्या नाहीत. बांधावरचं गवत कापलं, गोठ्यामागची झुडपं काढली. पुण्याला आल्या आणि पितृपंधरवड्यात पंचमीला ताप भरला. हुडहुडी, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी डेंग्यूची टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली, पण पेशी (प्लेटलेट्स) एक लाख दहा हजारांवर आल्या होत्या. मग आम्ही सगळे पेशींच्याच मागे लागलो. पपईच्या पानांचा रस, किवी, रोज सकाळी रक्त. सहाव्या दिवशी विडाल टेस्ट थोडी पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. ताप हटेना. नवव्या दिवशी दम लागायला लागला, लघवी कमी झाली, बोलणं असंबद्ध झालं. चतुर्दशीला व्हेंटिलेटर लावला. सर्वपित्रीच्या रात्री आयसीयूतल्या सिस्टर अंग पुसत होत्या, तेव्हा त्यांना कमरेला, परकराची नाडी बसते तिथे, एक काळी खपली दिसली. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. ‘स्क्रब टायफस’ म्हणून त्याच रात्री औषध बदललं. दोनदा डायलिसिस झालं. तिसऱ्या माळेला ताप उतरला, पाचव्या माळेला नळी काढली, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आम्ही आईंना घरी आणलं.

मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. ताप यायच्या आधी दोन दिवस आई मला म्हणाल्या होत्या, “नाडी काचतेय गं, तिथं काहीतरी झालंय.” मी न बघताच कैलास जीवनची डबी हातात दिली. मी तेव्हा पाहिलं असतं तर?

दीर म्हणतात, फॅमिली डॉक्टरांवर केस करायची. त्यांच्या मुलाला (वय 19) चार दिवस ताप आहे, आजीकडून लागला असेल का? दोन आठवड्यांपूर्वी तो राजगडला मित्रांबरोबर गेला होता, तेवढं सोडलं तर घरातच असतो. आईंना हल्ली ऐकू कमी येतं, टीव्ही मोठ्याने लावतात. आणि त्या भातकाढणीला गावी जायचं म्हणून हटून बसल्यात.

धायरीची एक सून

उत्तर:

ताई,

पुतण्याचं उत्तर मी तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मेलवर पाठवलं होतं. ताप सदराच्या तारखेसाठी थांबत नाही. बाकीच्या वाचकांसाठी ते इथे परत लिहिते. आजीकडून त्याला हा आजार लागलेला नाही, लागूच शकत नाही. स्क्रब टायफस माणसाकडून माणसाला होत नाही. एका ताटात जेवा, एका पांघरुणात झोपा, काही होत नाही. पण मुलगा राजगडला गेला होता हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, ‘तेवढं सोडलं तर’ असं म्हणून. मी तिथेच थांबले. तेवढंच तर सोडायचं नाही. म्हणून कळवलं की आजच्या आज डॉक्टरांकडे परत जा, ट्रेकला गेल्याचं सांगा, आणि मुलाला आरसा आणि मोबाईलचा टॉर्च देऊन बाथरूममध्ये पाठवा. काखा, जांघा, बेंबी, कानामागे, मानेवर केसांच्या कडेला, चड्डीच्या इलॅस्टिकखाली. एकोणीस वर्षांचा मुलगा हे काम आईला करू देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

दोन दिवसांनी तुमचं उलट उत्तर आलं. तो गडाखाली गवतावरच झोपला होता, पण खपली नाही, आणि दुसऱ्यांदा केलेली डेंग्यूची टेस्ट पॉझिटिव्ह आली. पहिली टेस्ट तापाच्या पहिल्याच दिवशी केली होती. म्हणजे त्याला स्क्रब टायफस नव्हता. होऊ दे. विचारलं आणि पाहिलं, त्याचे पैसे पडत नाहीत. त्याला पाणी भरपूर, तापाला फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही दुखीची गोळी नाही. आणि ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, ते होऊ नका. डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात.

आता कैलास जीवन.

सुनेने सासूला कैलास जीवनची डबी देणं हा गुन्हा असेल तर निम्मं पुणं आत जाईल. साठीतली बाई म्हणते नाडी काचतेय. नाडीने काचलेलं, काळं पडलेलं, सोललेलं आपण प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. तुम्ही उठून पाहिलं असतं तरी तुम्हाला काय दिसलं असतं? ताप यायच्या आधी दोन दिवस तिथे बहुधा एक लालसर पुळी किंवा फोड असणार. काळी, कडेने लाल, विडीचा चटका बसावा तशी खपली पुढे तयार होते. त्या पुळीवरून मीदेखील काही ओळखलं नसतं, आणि मला या धंद्यात तीस वर्षं झाली आहेत. ते ‘तेव्हा पाहिलं असतं तर’ डोक्यातून काढून टाका.

पाहायला हवं होतं ते नंतर, ताप पाचव्या दिवशीही चढत होता तेव्हा. ते काम तुमचं एकटीचं नव्हतं.

या खपलीचा स्वभाव समजून घेतला तर ती का निसटते ते कळेल. चावणारा किडा डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल एवढा असतो. ना डास, ना गोचीड, ना पिसू. तो एक माइट, आणि त्यातही फक्त त्याची अळी माणसाला चावते, मोठा झालेला माइट मातीतच राहतो. डॉक्टर या अळीला चिगर म्हणतात. मूळ गिऱ्हाईक म्हणजे उंदीर, घूस, चिचुंद्री. माणूस मध्ये सापडतो. गवताच्या पात्यावरून ती अंगावर चढते आणि कपडा जिथे घट्ट बसतो तिथे अडते. परकराची नाडी, ब्लाउजची कड, ब्राचा पट्टा, चड्डीचं इलॅस्टिक. किंवा कातडी जिथे मऊ आणि दमट असते तिथे: काख, जांघ, स्तनाखाली. चावलेलं दुखत नाही, बहुधा खाजतही नाही. आणि घाम असलेल्या घडीत ती खपली काळी न दिसता ओलसर पांढुरकी जखमही दिसू शकते. आता सांगा, आपल्याकडे कोणता पेशंट आपणहून या जागा डॉक्टरांना दाखवतो? आणि कोणता डॉक्टर भरल्या ओपीडीत “परकराची नाडी सैल करा” म्हणतो?

यातलं माझं पाप मला सांगितलं पाहिजे. मी रजिस्ट्रार, म्हणजे वॉर्डातली शिकाऊ डॉक्टर, असताना भोरकडची एक बाई आमच्या वॉर्डात आली होती, पाच महिन्यांची गर्भार. सहा दिवसांचा ताप. मी रोज दोनदा तिची छाती तपासली, आणि दोन्ही वेळा स्टेथोस्कोप ब्लाउजवरून लावला. लाजरी पोर होती, मीही घाईत होते. चौथ्या दिवशी तिची आई कपडे बदलताना मला म्हणाली, “बाई, हिच्या छातीखाली हे काय भाजल्यागत झालंय, बघता का?” स्तनाखाली, घडीत, एक सेंटिमीटरची खपली. मुलगी वाचली. पोटातलं मूल राहिलं नाही. गरोदरपणात हा आजार झाला तर गर्भ जाण्याचा धोका मोठा असतो, आणि वेळेत ॲझिथ्रोमायसिन मिळालं तर तो कमी करता येतो, हे मी तेव्हा पुस्तकात वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. त्यानंतर मी ब्लाउजवरून कुणाची छाती तपासलेली नाही.

आईंना नेमकं काय झालं, ते तुम्हाला आयसीयूच्या दाराबाहेर घाईघाईत सांगितलं असणार, म्हणून सावकाश सांगते. या जंतूचं नाव ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. (नाव जपानी आहे, उच्चारताना आमच्या विद्यार्थ्यांची बोबडी वळते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या सैनिकांना या रोगाने पुष्कळ छळलं.) हा जंतू रक्तात मोकळा फिरत बसत नाही. तो बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरतो आणि तिथे वाढतो. रक्तवाहिन्या कुठे नसतात? म्हणून हा आजार फुफ्फुसाचा की मूत्रपिंडाचा की मेंदूचा, असा प्रश्नच चुकीचा ठरतो. अस्तर सुजलं की नळ्या गळायला लागतात. फुफ्फुसात पाणी झिरपलं, दम लागला, व्हेंटिलेटर आला. मूत्रपिंडाला मार बसला, लघवी कमी झाली, डायलिसिस करावं लागलं. मेंदूच्या आवरणाला आणि मेंदूला सूज आली, त्या असंबद्ध बोलायला लागल्या. यकृताचे आकडे चढतात, डोळे पिवळे दिसतात. हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, रक्तदाब कोसळू शकतो. आणि अशा गळक्या नळ्यांत हिशेब न ठेवता सलाईन ओतत राहिलं तर तेही फुफ्फुसातच जाऊन साठतं. ‘अशक्तपणा आहे, दोन बाटल्या लावून टाका’ ही आपल्याकडची आवडती मागणी इथे अंगाशी येते.

हे सगळं बहुतेक वेळा तापाच्या दुसऱ्या आठवड्यात होतं. तुमच्याच पत्रातली तारखांची माळ पाहा. पंचमीला ताप, नवव्या दिवशी दम, दहाव्या दिवशी व्हेंटिलेटर. पहिला आठवडा हा या रोगात हातात असलेला वेळ असतो. त्या आठवड्यात डॉक्सीसायक्लिनची साधी कॅप्सूल, दिवसातून दोनदा, सुरू झाली तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो आणि माणूस घरच्या घरी बरा होतो. उपचार न मिळालेल्या रुग्णांच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तर शंभरात साधारण सहा दगावतात, काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त. योग्य औषध मिळालेल्यांत हा आकडा दीडच्या आसपास येतो. ज्यांना पोचेपर्यंत फुफ्फुस आणि मूत्रपिंड दोन्ही बसलेली असतात, त्यांचा हिशेब यापेक्षा वाईट. आई त्यातून परत आल्या, हे थोडकं नाही.

असंबद्ध बोलण्यावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. उत्तर प्रदेशात गोरखपूरकडे दरवर्षी पावसाळ्यात लहान मुलांना मेंदूज्वर व्हायचा. पुष्कळ मुलं जायची. जपानी मेंदूज्वराची लस देऊन झाली तरी मुलं आजारी पडतच होती. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थांनी, त्यात आपल्या पुण्यातली एनआयव्ही ही विषाणूंची संस्थाही आली, गेल्या दशकात तपासण्या केल्या तेव्हा यातल्या निम्म्याहून जास्त मुलांत स्क्रब टायफसचा पुरावा सापडला. म्हणजे ज्याला औषध नाही असं समजून चाललेलं होतं त्या आजाराला बऱ्याच मुलांच्या बाबतीत औषध होतं, आणि स्वस्तातलं होतं. मग ताप आलेल्या मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रातच, मेंदूपर्यंत पोचण्याआधी, ते औषध देण्यावर भर दिला गेला. पुण्यात बसून ‘हे तिकडचं’ म्हणायची सोय नाही. 2018 साली पावसाळा सरता सरता नागपूर आणि विदर्भात हाच आजार पसरला होता आणि माणसं दगावली होती. आपल्याकडे मुळशी, भोर, मावळ, वेल्हे इथे गवत आहे, उंदीर आहेत, ओली माती आहे. शहरातल्या रिकाम्या प्लॉटवरच्या रानात याहून वेगळं काय असतं?

आता दिरांचा राग.

केस करायची की नाही हे मी सांगणार नाही, ते तुमच्या घरचं. डॉक्टरांनी काय बरोबर केलं आणि काय चुकलं, त्याबद्दल मत मात्र देते. पहिल्या तीन दिवसांत डेंग्यूचा संशय घेणं बरोबर. त्या दिवसांत पुण्यात ताप आणि पेशी कमी म्हटल्यावर कुणीही तेच करेल. पण पेशी स्क्रब टायफसमध्येही कमी होतात, आणि मलेरिया, लेप्टोमध्येही. आपण पेशींना आजार समजून बसलो आहोत. सगळं घर रोज सकाळी पेशींचा आकडा व्हॉट्सॲपवर फिरवतं, आणि पेशंट कुठे जाऊन आला हे कुणी कुणाला विचारत नाही. पपईच्या पानांनी आईंचं काही बिघडलं नसेल, त्या पाच दिवसांनी बिघडलं.

विडालचं म्हणाल तर एकदाच केलेल्या विडालवर मी कधी भरवसा ठेवला नाही. आपल्याकडच्या पुष्कळ निरोगी माणसांतही ती थोडीफार पॉझिटिव्ह येते. टायफॉइडचा संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायची टेस्ट) पाठवायचं. ते झालं होतं का, तुमच्या पत्रात दिसत नाही. फाइल काढून पाहा. टायफॉइडची जी इंजेक्शनं सहसा दिली जातात, सेफ्ट्रिअॅक्सोनसारखी, ती या जंतूवर चालत नाहीत. आणि इथेच गोची आहे. खऱ्या टायफॉइडमध्येही त्या इंजेक्शनांनी ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. त्यामुळे ‘उतरेल, थोडा दम धरा’ असं म्हणणारा डॉक्टर खोटं बोलत नसतो. तो चुकीच्या रोगासाठी बरोबर वाट पाहत असतो. टायफॉइड आणि टायफस या नावांचा गोंधळही जुनाच आहे. टायफॉइडचा अर्थच मुळी ‘टायफससारखा’. नातेवाईक मला सर्रास सांगतात, “टायफसचं इंजेक्शन चालू आहे,” आणि कागद पाहावा तर टायफॉइडचं.

आयसीएमआरने 2015 साली डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात म्हटलं आहे की पाच दिवस किंवा जास्त ताप असेल आणि कारण सापडत नसेल तर स्क्रब टायफस आणि त्याच्या गटातल्या आजारांचा संशय घ्या, खपली असो वा नसो. खपली दिसली तर पाच दिवसही मोजत बसू नका. आणि औषध रिपोर्टसाठी अडवून ठेवू नका. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. एलायझा या रक्ताच्या टेस्टने जे प्रतिपिंड (अँटिबॉडी) शोधतात ते अंगात तयार व्हायलाच वेळ लागतो. पहिल्या चार-पाच दिवसांतला निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे ‘नाही’ नव्हे. जुनी वाइल-फेलिक्स टेस्ट अजून काही लॅब करतात, ती तर बऱ्याच खऱ्या केसेस सोडून देते. खपली प्रत्येकाला असते असंही नाही, आणि सावळ्या कातडीवर पुरळ सहज दिसत नाही. तेव्हा शेवटी उरतो तो डॉक्टरचा संशय.

म्हणजे तुमच्या डॉक्टरांची चूक कुठे, असं विचाराल तर सहाव्या दिवशी. ताप सहा दिवसांचा, डेंग्यू निगेटिव्ह, बाई मुळशीत गवत कापून आलेली. त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून विचार करायला हवा होता, त्याऐवजी एका डळमळीत रिपोर्टवर इंजेक्शन सुरू झालं. पण त्यांना गवत कापल्याचं कुणी सांगितलं होतं का? तुमच्या पत्रावरून वाटतं, नसावं. त्यांनी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. गवतात गेल्यापासून ताप यायला आठवडा ते तीन आठवडे लागतात, बहुतेक वेळा दहा-बारा दिवस. इतक्या दिवसांपूर्वीच्या गवताचा आजच्या तापाशी संबंध कुणाच्या डोक्यात येणार?

दिरांना माझा सल्ला एवढाच. आधी दोन्हीकडच्या फाइली आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन त्या डॉक्टरांकडे जाऊन बसा. वकिलाला न नेता. “निदान स्क्रब टायफस निघालं, खपली कमरेला होती,” असं शांतपणे सांगा. चांगला डॉक्टर असेल तर त्याची पुढची शंभर तापाची माणसं वाचतील. उडवाउडवी केली, तर पुढचे रस्ते आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत.

तुम्ही पत्राच्या समासात एक विचारलंय, की आयसीयूत दोन-दोन अँटिबायोटिक एकदम का दिली, बिल वाढवायला का. नाही. ते मला समाधानकारक वाटलं. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाच्या पुढाकाराने भारतातल्या सात ठिकाणी सुमारे आठशे गंभीर रुग्णांवर अभ्यास झाला, तो 2023 साली प्रसिद्ध झाला. शिरेतून डॉक्सीसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही दिलेल्यांची प्रकृती एकच औषध दिलेल्यांपेक्षा लवकर आणि जास्त प्रमाणात सुधारली. आईंना तेच दिलं. हे फक्त गंभीर झालेल्यांसाठी, घरी बसून दोन्ही गोळ्या आणून घेण्यासाठी नव्हे. आणि डॉक्सी घरी कुणाला दिली गेलीच, तर ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची. गोळी टाकून लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकून भाजल्यासारखं दुखतं.

आईंच्या कानाचं. या आजारात ऐकू कमी येणं नवीन नाही, काही वेळा तेच निदानाचा धागा असतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं. पण आयसीयूत दिलेली काही औषधंही कानावर परिणाम करतात, आणि वयही आहे. त्यामुळे ‘होईल बरं’ म्हणून सोडू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ताची टेस्ट) आणि लघवीची तपासणी डिस्चार्ज कार्डावर ज्या तारखांना लिहिली आहे त्या तारखांना झालीच पाहिजे. डायलिसिस थांबलं म्हणजे मूत्रपिंडाचा विषय संपला असं नाही. दुखीच्या गोळ्या मनाने नकोत. थकवा दोन-तीन महिने राहील. व्हेंटिलेटरवरून आलेली माणसं कधी कधी रात्री दचकून उठतात, चिडचिड करतात, रडतात. आईंनी तसं केलं तर ते नाटक नव्हे, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

हा आजार पुन्हा होऊ शकतो. एकदा झाला म्हणजे जन्माची सुटका असं नाही, कारण जंतूचे प्रकार वेगवेगळे आहेत, आणि लस अजून नाही.

म्हणून भातकाढणी. यंदा नाही, आणि हे त्यांना मी सांगितलं म्हणून सांगा, म्हणजे तुमच्याशी भांडण नको. दोन पायऱ्या चढल्यावर दम लागणाऱ्या बाईने विळा हातात घ्यायचा नसतो. हवं तर गाडीने नेऊन खळ्याच्या कडेला खुर्चीवर बसवा, तिथून त्या सगळ्यांना हुकूम सोडतील, ते त्यांना जास्त आवडेल. पुढच्या वर्षी जाऊ द्या. शेतातली बाई शेतात न जाऊन राहणार नाही, आणि तिला घाबरवून घरात बसवणं मला पटतही नाही. फक्त लांब बाह्यांचं पोलकं, आत लेंगा किंवा पँट, पायात बूट आणि मोजे. कापडावर आणि उघड्या अंगावर कीटक पळवणारं मलम, डीट असलेलं, मेडिकलमध्ये मिळतं. भाकरी खायला गवतात न बसता पोतं टाकून बसायचं. धुतलेले कपडे झुडपावर वाळत घालायचे नाहीत, दोरी बांधा. गोठ्यामागचं रान कमी करा म्हणजे उंदरांना थारा राहणार नाही, पण ते काम आईंनी करायचं नाही. शेतातून आल्या की अंगावरचे कपडे थेट बादलीत आणि साबणाने चोळून आंघोळ, नाडीची जागा, काखा, जांघा नीट घासून. त्या दारातूनच “आधी चहा टाक गं” म्हणतील. टाकू नका. आधी आंघोळ.